आपल्या शेजारचे अरण्य आणि उभयतांचा प्रवास



मंडळाच्या चिटणीसांनी मला ‘प्रवासाचे अनुभव’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी नकारच दिला होता. ज्यांनी काशी-रामेश्वर केले, बदरी-केदार केले, ज्यांची मुले परदेशी असल्याने ज्यांनी विमानातून समुद्र ओलांडला, अशी थोर मंडळी आपल्यात आहेत. मी मॅट्रिक होऊन मास्तरकीत शिरलेला आणि तीतूनच निवृत्त झालेला मनुष्य. आमचा प्रवास हिमायतनगरहून निघाला आणि आठशे किलोमीटरांच्या आत पुन्हा हिमायतनगरासच येऊन पोहोचला. परंतु चिटणीस म्हणाले, “गुरुजी, तेच सांगा. लांबचे सांगणारे पुष्कळ आहेत.” त्यांचे म्हणणे मला पटले, म्हणून आपल्यापुढे उभा आहे.

मार्च २०२५ मध्ये, परमेश्वराची यात्रा आटोपून होळीही झाल्यावर, मी व सौ. असे आम्ही दोघेच एका जुन्या मारुती व्हॅनमधून बाहेर पडलो. पैनगंगा अभयारण्य, तेथून टिपेश्वर, तेथून ताडोबा, आणि परत. एकंदर अकरा दिवस. बरोबर मुलगा नाही, सून नाही, नातवंड नाही, शेजारीपाजारी नाहीत. आणि देवदर्शनाचा नवसही नाही. या शेवटच्या दोन गोष्टींमुळेच आमच्या गल्लीत या प्रवासाची फार चर्चा झाली, आणि त्याच दोन गोष्टींविषयी मला आज मुख्यतः बोलावयाचे आहे.

निघण्याचे कारण सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. सौ.च्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत आपल्याकडे पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून थोडे विवरण करतो. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. शस्त्रक्रिया करून ते बदलले म्हणजे मनुष्य पुन्हा पूर्ववत् पाहू लागतो. काचबिंदूचे तसे नाही. त्यात बहुधा डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची शिर हळूहळू मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही. समोरचे अक्षर शेवटपर्यंत वाचता येते, मात्र कडेचे दिसणे कमी कमी होत जाते. ओढ्याचे पाणी उन्हाळ्यात काठाकडून आटत यावे, तशी ती नजर आटत येते. जी गेली ती परत येत नाही. औषधाचे थेंब नेमाने घातले तर उरलेली राखता येते, एवढेच मनुष्याच्या हाती. नांदेडच्या डॉक्टरांनी हे आम्हांस स्पष्ट सांगितले. येथे चाळिशी ओलांडलेले जे कोणी बसले आहेत, आणि ज्यांच्या घरात आईवडिलांना हा विकार होता, त्यांनी डोळ्यांचा दाब एकदा अवश्य मोजून घ्यावा. चष्म्याचा नंबर काढणे निराळे आणि दाब मोजणे निराळे.

त्या दिवशी नांदेडहून परतताना गाडीत सौ. बराच वेळ बोलली नाही. मुदखेड मागे पडल्यावर ती म्हणाली, “अहो, आमच्या नदीच्या पल्याडचं रान मी लहानपणापासून पाहते, पण आत कधी गेले नाही. एकदा दाखवा.” तिचे माहेर पैनगंगेच्या काठचे. अलीकडे आपला नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळचा उमरखेड तालुका, आणि पलीकडच्या त्या डोंगरांवर सागाचे रान. काठावर धुणे धुता धुता मुलींनी ते रान पाहावयाचे, इतकाच त्यांचा व त्याचा संबंध. तिने बदरीनाथ मागितले नाही, सिंगापूर मागितले नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःकरिता मागितलेला हा पहिलाच प्रवास.

आता विरोधाची हकिकत. चिरंजीव पुण्यास असतात. ते म्हणाले, “बाबा, आईची दृष्टी अशी, तुमचे वय असे, रानात काही झाले तर? आम्ही दिवाळीत येऊ तेव्हा सर्व मिळून जाऊ.” त्यांच्या बोलण्यात प्रेमच होते. परंतु दिवाळीला आठ महिने होते, आणि मागच्या तीन दिवाळ्यांचा अनुभव माझ्या गाठीस होता. आमच्या वहिनींचे म्हणणे निराळे. “देवाला जायचं सोडून जनावरं बघायला कुणी जातं का?” असे त्यांनी विचारले. तिसरा आक्षेप खर्चाचा. त्याचे उत्तर मी पुढे हिशेबासह देणार आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या समाजात प्रवासाचे तीन प्रकार मान्य आहेत: तीर्थयात्रा, लग्नकार्य आणि दवाखाना. तिन्ही ठिकाणी माणसांचा मेळा बरोबर असतो. स्त्रियांच्या वाट्याला त्यातही पोळ्या लाटणे येते. धर्मशाळेत गेले तरी स्टोव्ह त्यांच्याच पुढ्यात. मी यात्रेचा विरोधक नाही. पंढरीची वारी आमच्या घरात आहे. परंतु नवराबायकोने दोघांनीच, काही मागण्याकरिता नव्हे तर केवळ पाहण्याकरिता बाहेर पडावे, ही चाल आपल्यात नाही. तरुण जोडपी आता लग्नानंतर फिरावयास जातात. त्यांच्याविषयी कोणी काही म्हणत नाही. साठीच्या जोडप्याने तसे केले तर मात्र लोक हसतात. माझ्या मते खरी गरज असते ती आम्हां साठीच्यांनाच.

व्हॅनविषयी थोडक्यात सांगतो. मुलांना शाळेत नेणाऱ्या एका गृहस्थांकडून ती मी विकत घेतली होती. ही गाडी कंपनीने २०१९ साली बनविण्याचे थांबविले. परंतु सुटे भाग अजून कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात. मागचे आसन काढून तेथे फळी बसविली, तीवर गादी. फळीखाली लहान सिलेंडर, शेगडी, पाण्याचे दोन कॅन आणि धान्याचा डबा. सौ.ने पहिल्या चार दिवसांपुरत्या दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. पाचव्या दिवसापासून शेगडी माझ्याकडे आली, कारण मंद उजेडात ज्योत किती आहे हे तिला नीट कळत नसे. माझी भाकरी नकाशावरील कोणत्यातरी देशासारखी होई. तिने एकदाही नाव ठेवले नाही, फक्त “आज कोणता देश?” असे विचारी.

पहिला मुक्काम सहस्रकुंडाजवळ. इस्लापूरनजीकचा पैनगंगेचा हा धबधबा आपण सर्वांनी पावसाळ्यात पाहिलेला आहे. मार्चमध्ये तेथे पाण्याचा गडगडाट नसतो. काळ्या खडकांच्या घळीतून एक धार पडत असते. पंचमुखी महादेवाचे दर्शन घेऊन आम्ही खडकावर बसलो. पावसाळ्यातल्या गर्दीत जे खडक दिसतच नाहीत, ते पाण्याने घासून किती गुळगुळीत झाले आहेत हे तिने हाताने चाचपून पाहिले. वहिनींचा आक्षेप मला येथे आठवला. देव आणि रान यांत आपल्या पूर्वजांनी फारसे अंतर ठेवलेले दिसत नाही.

किनवटहून नदी ओलांडून खरबीच्या बाजूने आम्ही पैनगंगा अभयारण्यात शिरलो. हे अभयारण्य १९९६ साली जाहीर झाले. क्षेत्र ३२४ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. नदी त्याच्यामधून वळणे घेत जाते. वस्ती करून राहणारे आंध, गोंड, कोलाम व बंजारा लोक येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पर्यटकांची येथे झुंबड नाही. साग त्या वेळी निष्पर्ण झालेला होता आणि खाली पानांचा इतका थर की, एखादा सरडा धावला तरी मोठे जनावर येत आहे असे वाटावे. पळस फुललेला होता. मोहाची फुले पहाटे गळू लागली होती आणि बायामुली टोपल्या घेऊन ती वेचीत होत्या. त्यांतील एका म्हातारीने सौ.स बजावले की, पहाटे मोहाखाली एकटे जाऊ नये. अस्वलालाही ती फुले फार आवडतात.

येथेच आमच्या प्रवासाची एक रीत बसून गेली. तिला समोरचे दिसे, कडेचे दिसत नसे. म्हणून मी गाडी थांबवून सांगावयाचे: “डावीकडे मान वळव, आणखी थोडी, बांबूच्या बेटापाशी रोही उभा आहे.” मग ती हळूहळू मान वळवी आणि तो तिच्या नजरेच्या चौकटीत येई. नर रोही निळसर काळा, त्याच्या गळ्याखाली केसांचा झुबका, तोंड घोड्यासारखे. शाळेत मी तो चित्रावरून शिकविला होता. ती म्हणाली, “आमच्या बापूंच्या हरभऱ्यात हाच यायचा.” उलटपक्षी कानांचे काम तिच्याकडे. टिटवीचा ओरडा, सुताराची टकटक, कोणत्या अंगाने पाणी वाहत आहे, हे सर्व तिला माझ्या आधी कळे. कंडोळाचे पांढरेफटक झाड, ज्याला रानातील लोक भुताचे झाड म्हणतात, ते तिने संध्याकाळी स्वतः शोधून काढले. कारण अंधुक उजेडात ते एकटेच उजळ दिसते.

रोह्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बोलून घेतो. येथे नदीकाठी शेती असलेले पुष्कळ सभासद आहेत. रोही व रानडुक्कर पिकाचे किती नुकसान करतात हे मला कोणी सांगावयास नको. परंतु रात्री कुंपणाच्या तारेत विजेचा प्रवाह सोडण्याची जी रीत काही गावांत पडली आहे ती सोडली पाहिजे. तिने डुक्कर मरते तसा वाघ मरतो, गडी मरतो आणि शेजाऱ्याचा मुलगाही मरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो अपराध आहे, हे तर झालेच. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मागता येते. तिला हेलपाटे पडतात हे खरे. अर्ज लिहून देण्याचे काम मी कोणाकरिताही करीन.

आता वाघाविषयी. टिपेश्वरास जाण्याचे ठरले तेव्हा सौ.च्या मनात भय होते, आणि ते निराधार नव्हते. पांढरकवडा-राळेगाव भागातील तेरा माणसांचे बळी ज्या वाघिणीच्या माथी लागले होते, ती २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री मारली गेली, हे आपणांस स्मरत असेल. कोणी तिला नरभक्षक म्हणाले, कोणी तिच्याकरिता मोर्चे काढले. मी त्या वादात पडत नाही. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांच्या दारात उभे राहून बोलण्याइतके शब्द मजपाशी नाहीत.

परंतु त्याच मुलखातील दुसऱ्या एका वाघाची कथा मी वाटेत तिला सांगितली. टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी रेडिओ-पट्टा बांधला. जून महिन्यात तो निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणा अशा दोन्ही राज्यांतून, शेतांतून, रस्ते आणि नद्या ओलांडीत, यवतमाळ, आदिलाबाद, आपला नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला करीत करीत तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पट्टा एप्रिल २०२० मध्ये काढला गेला, तोपर्यंत त्याची पायपीट ३,००० किलोमीटरांहून अधिक झाली होती. बहुतेक प्रवास रात्रीचा. दिवसा नाल्यात नाहीतर झुडपात पडून राहावयाचे. घर आणि जोडीदारीण शोधीत तो फिरला, परंतु ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. त्यानंतर टिपेश्वरहूनच निघालेला आणखी एक वाघ मार्च २०२१ मध्ये मराठवाड्यातील गौताळा अभयारण्यात दिसला, आणि २०२४ च्या डिसेंबरात एक थेट बार्शी-येडशीच्या बाजूस जाऊन पोहोचला. म्हणजे ज्या वाघांच्या भेटीस आम्ही निघालो होतो ते आमच्या मुलखात आधीच येऊन गेले होते. आम्ही केवळ परतभेटीस चाललो होतो.

मांडवीच्या अलीकडे व्हॅनच्या क्लचची तार तुटली. अर्धा दिवस गेला. एका सायकल-मोटारसायकलवाल्या मुलाने मोटारसायकलची तार जोडून काम भागविले आणि पैसे घेण्यास तो तयार होईना; शेवटी सौ.ने त्याला धपाटे दिले.

टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले. क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. टिपाई देवीवरून हे नाव पडले असे सांगतात. टिपेश्वर नावाचे गाव पूर्वी अरण्याच्या पोटातच होते. त्याचे पुनर्वसन झाले आणि गावाच्या जागी आता गवत आहे. सुन्ना येथील प्रवेशद्वारापाशी व्हॅन ठेवून आम्ही वनखात्याच्या नियमाप्रमाणे उघडी जिप्सी घेतली. बरोबर नागपूरकडील एक तरुण जोडपे होते, त्यामुळे भाडे अर्धे पडले. वाटाड्या कोलाम समाजातील वीस-बावीस वर्षांचा मुलगा. त्याने सौ.स हात देऊन पुढे बसविले आणि “आई, तुम्हांला कमी दिसत असेल तर कानाने सांगा,” असे म्हणाला. हे त्याला कोणी शिकविले नव्हते.

सूर्य वर आला होता. गवताळ पट्ट्याच्या कडेस चितळांचा कळप चरत होता. एकाएकी सौ. म्हणाली, “थांबा. मागं कुणीतरी ओरडलं.” वाटाड्याने गाडी बंद करविली. काही वेळ काहीच नाही. मग नाल्याच्या बाजूने चितळाचा तो तीक्ष्ण एकाक्षरी हाकारा पुन्हा आला, आणि पाठोपाठ झाडावरील वानराचा खोकल्यासारखा आवाज. रानाचा हा बंदोबस्त मोठा नामी आहे. वानर वरून पाहतो, चितळ खालून हुंगतो, आणि कोणीही पाहिले तरी सर्वांना कळते. सांबराने हाकारा दिला तर बहुधा वाघ खराच, असे तो मुलगा म्हणाला. ते वाक्य पुरे होते न होते तोच नाल्यातून जाडजूड ‘पोंक्’ असा आवाज आला.

वाघीण डावीकडून रस्त्यावर आली. सौ.ची नजर नेमकी तेथे पोहोचत नव्हती. मी तिच्या खांद्याला धरून हलकेच वळविले आणि कानाशी सांगितले, “रस्त्याच्या कडेला, पळसाच्या बुंध्यापाशी, आता मधोमध.” तिने मान वळविली. वाघीण आमच्यापासून साठ-सत्तर पावलांवर रस्ता ओलांडीत होती. तिने आमच्याकडे एकदा पाहिले, रस्त्याच्या मध्यावर थांबली, आणि मग कोणतीही घाई न करता पलीकडच्या गवतात गेली. सर्व मिळून अर्धे मिनिट झाले असेल. तरुण जोडप्याने छायाचित्रे काढली. माझे लक्ष वाघिणीपेक्षा सौ.कडे अधिक होते, हे सांगण्यास मला या वयात संकोच वाटत नाही.

ती वाटाड्यास म्हणाली, “आमच्या शिवारातून गेला तो हिच्याच घरचा का रे?”

“तिकडे आला असल तर इथलाच असल, आई,” तो म्हणाला.

“मग दुबळा नव्हता,” ती म्हणाली, आणि पाण्याची बाटली मागितली.

पुढचा प्रवास वेगाने सांगतो. वणीवरून वरोऱ्यास गेलो. बाबा आमट्यांचे आनंदवन वाटेवरच आहे, तेथे अर्धा दिवस थांबलो. त्याविषयी बोलावयाचे तर निराळे व्याख्यान लागेल. मग चंद्रपूर आणि मोहर्ली.

ताडोबा हे आपल्या राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. गंमत अशी की ते जाहीर झाले तेव्हा चंद्रपूर मध्य प्रदेशात होते आणि आपले हिमायतनगर हैदराबाद राज्यात. आज आपण ज्याला अभिमानाने आपले म्हणतो त्याच्याशी त्या दिवशी आपला राज्याचाही संबंध नव्हता! १९८६ साली लगतचे अंधारी अभयारण्य झाले आणि १९९५ पासून दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प; क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर. ताडोबा हे नाव गोंडांच्या तारू या देवाचे. वाघाशी झुंजताना तो पडला अशी कथा आहे, आणि तलावाकाठी त्याचे ठाणे आहे. मोहर्लीच्या रस्त्याने आत जाताना दगडी खांबांची रांग लागते. गोंड राजांच्या काळी त्यांवरून दोरी ताणून घंटा बांधीत आणि निरोप पोहोचवीत, असे सांगतात.

येथे मोबाईल फोन प्रवेशद्वारापाशीच ठेवावे लागले. चिरंजीवांचा दिवसातून तीनदा येणारा फोन त्यामुळे काही तास बंद झाला, सौ. म्हणाली की ताडोबाचे हे पुण्य सर्वांत मोठे. वाघ मात्र दिसला नाही. गवे दिसले, रानकुत्र्यांची टोळी दिसली, तलावात मगर पाठ वर करून पडलेली होती. गाड्या पुष्कळ, एका ठिकाणी वाघ असल्याची वार्ता आली तेव्हा बारा-तेरा जिप्सी एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या, आणि मला आपल्या यात्रेतील दर्शनबारीची आठवण झाली. माझे वैयक्तिक मत विचाराल तर ज्यांना वाघ दाखवून पैसे वसूल करावयाचे आहेत त्यांनी ताडोबास जावे. ज्यांना रान पाहावयाचे आहे त्यांनी पैनगंगेपासून आरंभ करावा. ते आपल्या दारात आहे, आणि तेथे आपणांस कोणी ढकलीत नाही.

मुक्कामाविषयी स्त्रियांनी मला फार विचारले म्हणून सांगतो. अभयारण्याच्या आत गाडी लावून झोपता येत नाही आणि झोपूही नये. आम्ही गावातील देवळापाशी, दोनदा ओळखीच्या शिक्षकांच्या अंगणात, आणि तीन रात्री साध्या निवासात राहिलो. मास्तरकीचा हा एक मोठा लाभ आहे. कोणत्याही तालुक्यात बरोबरीचा कोणी भेटतोच.

आता हिशेब. पेट्रोल, दोन ठिकाणच्या सफारी, वाटाड्यांचे मानधन, निवास आणि क्लचची तार धरून आम्हां दोघांस २१,७०० रुपये लागले. ही रक्कम लहान नाही. परंतु गेल्या वर्षी आमच्याच घरच्या एका मंगलकार्यात केवळ मंडपाच्या फुलांस याहून अधिक गेले, आणि ती फुले दुसऱ्या दिवशी गुरांनी खाल्ली. ज्यांना व्हॅन नाही त्यांनी आदिलाबादच्या रेल्वेने किनवटपर्यंत जावे आणि तेथून भाड्याचे वाहन करावे. खर्च आणखी कमी येईल.

मंडळास माझी एक विनंती आहे. आपण दरवर्षी ज्येष्ठांकरिता यात्रेची बस काढतो, ती अवश्य काढावी. त्याबरोबरच साठीच्या पुढील जी जोडपी दोघेच कोठे जाऊ इच्छितात, त्यांच्याकरिता ठिकठिकाणच्या आपल्या ज्ञातिबांधवांची पत्ता-वही करावी. किनवट, पांढरकवडा, वणी, चंद्रपूर येथे आपली घरे आहेत. रात्री अपरात्री एखाद्या वृद्ध जोडप्याला अंगण मिळावे, एवढेच त्यातून साधावयाचे. हे काम मी अंगावर घेण्यास तयार आहे. आणि ज्या घरांत कोणाची दृष्टी, गुडघे किंवा श्वास हळूहळू साथ सोडीत आहे, त्यांनी ‘दिवाळीत बघू’ असे म्हणू नये, ही माझी मुलांनाही प्रार्थना आहे.

गेल्या महिन्यात सौ.ची पुन्हा तपासणी झाली. डाव्या डोळ्याचे क्षेत्र थोडे आणखी आखडले आहे, उजवा आहे तसा आहे. थेंब चालू आहेत. पावसाळा संपल्यावर अरण्ये पुन्हा उघडली की गौताळ्यास जाण्याचे तिने ठरविले आहे; मला अद्याप विचारलेले नाही. रस्त्यांची, पेट्रोलपंपांची आणि मुक्कामांची टिपणे माझ्या वहीत आहेत. ज्या कोणास हवी असतील त्यांनी सभेनंतर माझ्याकडून उतरवून न्यावीत.